सत्त्याण्णव ओळी

ज्या आकड्यावर सही करायला मी नकार दिला, तो आकडा माझाच होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला मी फार शूर वाटायला नको. दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवणं मला कधीच जड गेलेलं नाही. त्या बाबतीत माझी जीभ किती चालते ते सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतात, आणि ते कौतुक नसतं हे मला कळतं. स्वतःच्या चुकीवर बोट ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र मला सोमवार ते शुक्रवार लागले.

आमची कंपनी शहरातल्या लिफ्टची देखभाल करते. एकूण पाच हजार दोनशे लिफ्ट. दर महिन्याला प्रत्येक लिफ्टकडे एक मिस्त्री जातो, तपासतो आणि किती दोष सापडले ते मोबाइलमध्ये भरतो. भरलेलं सगळं आमच्या विभागात येतं. आमचा विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, सहा टेबलं, आणि कधीच नीट न लागणारी एक खिडकी. या नोंदींच्या ढिगातून काही अर्थ काढायचा, हे माझं काम.

दोन वर्षांपूर्वी मी असा एक अर्थ काढला की कंपनी हरखून गेली. ज्या लिफ्टच्या सलग तीन भेटींत शून्य दोष सापडले होते त्यांची मी यादी केली. दोन हजार निघाल्या. त्या भेटींनंतरच्या वर्षभरात त्यांतल्या फक्त ३.१ टक्के लिफ्ट माणसं आत असताना अडकल्या. बाकीच्या लिफ्टचं हेच प्रमाण नऊ टक्के होतं. म्हणजे या दोन हजार लिफ्ट गुणी. त्यांच्या मागे दर महिन्याला मिस्त्री कशाला लावायचा? सहा महिन्यांतून एकदा गेलं तरी पुरे. यादीचं नाव पडलं हिरवी यादी. मला काचेचा एक ठोकळा बक्षीस मिळाला, त्यावर ३.१ कोरलेलं. सासूबाई तो दार आपटू नये म्हणून दाराला लावतात.

हिरवी यादी अमलात यायला दोन वर्षं गेली, कारण कंपनीत टाळ्या लगेच वाजतात आणि कागद सावकाश हलतात. शेवटी सगळं जमून आलं तेव्हा शहराच्या सुरक्षा कार्यालयानं एक नवा फॉर्म काढला. ज्यानं हिशेब केला त्यानं तो मूळ नोंदींपासून पुन्हा करून पाहावा, आलेला निकाल लिहावा आणि खाली सही करावी. शुक्रवारी त्या कार्यालयाच्या बाई येणार, फॉर्म घेणार, आणि पुढच्या महिन्यापासून दोन हजार लिफ्टच्या भेटी कमी होणार.

सोमवारी सकाळी सरांनी तो फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना दशांश सहन होत नाहीत, म्हणून त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना राउंडफिगर म्हणतो.

"फॉर्म आहे हो मॅडम, भरायचा आणि द्यायचा," ते म्हणाले. "तीन टक्के लिहा. सुटसुटीत दिसतं."

"तीन पूर्णांक एक," मी म्हटलं. माझ्या आकड्यातला दशांशही कोणी खाल्लेला मला खपत नाही.

खरं सांगायचं तर पुन्हा करून बघायची हौस मला प्रामाणिकपणामुळे आली नाही, मिजाशीमुळे आली. म्हटलं, आपण केलेलं काम आहे, दहा वेळा करा, दहा वेळा तेच येईल. माझा जुना कॉम्प्युटर मधल्या काळात मोडीत गेला होता. नव्यावर मी कंपनीच्या साठ्यातून मूळ नोंदी घेतल्या, माझा जुना प्रोग्रॅम लावला आणि चहा आणायला गेले. परत आले तर पडद्यावर ७.८ होतं.

मी चहा बाजूला ठेवला आणि पुन्हा चालवलं. ७.८. संध्याकाळपर्यंत मी नव्या कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीला दिल्या, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं काही हलवलं का म्हणून त्यालाही चार शब्द ऐकवले. तो बिचारा दोन वर्षांपूर्वी या कंपनीत नव्हताच. ७.८ काही हललं नाही.

मंगळवारी मी जुन्या कॉम्प्युटरची ठेवलेली प्रत उघडली. आत चार फायली होत्या: साफ, साफ नवीन, साफ शेवटची, साफ शेवटची खरी. दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर अशी नावं दिसली असती तर मी त्याची महिनाभर टर उडवली असती. ३.१ हा आकडा 'साफ शेवटची खरी' या फायलीतून आला होता. प्रत्येक लिफ्टची एक ओळ. दोन हजार ओळी असायला हव्या होत्या. मोजल्या तर एक हजार नऊशे तीन.

सत्त्याण्णव ओळी कमी. मी मूळ नोंदींशी ताडून त्या सत्त्याण्णव लिफ्ट शोधून काढल्या. सगळ्याच्या सगळ्या माणसं आत असताना अडकलेल्या होत्या.

मग ती दुपार मला आठवली. फाइल चाळताना मला काही ओळी विचित्र दिसल्या होत्या. सलग तीन भेटींत शून्य दोष, आणि तरी लिफ्ट अडकलेली. असं कसं होईल? नोंद चुकली असणार, कोणीतरी भलत्याच लिफ्टचा नंबर टाकला असणार. मी त्या ओळी निवडल्या, बटण दाबलं, गेल्या. कुठे लिहून ठेवलं नाही. कशाला लिहायचं? मला ठाऊक होतं ना! प्रोग्रॅममध्ये त्याचा मागमूस नव्हता, कारण ते हातानं केलेलं काम होतं. आणि यादी मात्र पूर्ण नोंदींवरून झाली होती, त्यामुळे त्या सत्त्याण्णव लिफ्ट हिरव्या यादीत सुखानं बसलेल्या होत्या. थोडक्यात, माझ्या म्हणण्याला नाही म्हणणाऱ्या ओळी मी वेचून बाहेर काढल्या होत्या, आणि उरलेल्यांना विचारलं होतं, मी बरोबर आहे ना? त्यांनी हो म्हटलं. मला ठोकळा मिळाला.

मला इतकी लाज वाटली की मी डबा तसाच परत आणला.

सासूबाईंच्या नजरेतून डबा सुटत नाही. त्यांनी एकतीस वर्षं औषधांच्या दुकानात औषधं तयार करून दिली आहेत. ग्रॅमच्या शंभराव्या भागावरून त्या माणसाची लायकी ठरवतात.

"भाजी चुकली की ऑफिस चुकलं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्या टेबल पुसत ऐकत होत्या. मधे एकदाही थांबल्या नाहीत, म्हणजे त्यांना राग आलेला होता.

"आमच्या दुकानात वही होती," त्या म्हणाल्या. "कोणतं औषध, किती, कोणी वजन केलं, कोणी तपासलं. आणि खोडायचं झालं तर एकाच रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे. नव्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात एक ओळ गिचमिड करून खोडली, तर मालकांनी तिला नाही, मला झापलं. मी शिकवलं नव्हतं म्हणून."

"मी कोणाला झापू?"

"तुझ्यावर आहे का कोणी?"

"सर आहेत."

"तो? तो तर आठ ग्रॅमला दहा म्हणेल." त्यांनी फडकं पिळलं. "त्या ओळी चुकीच्या होत्या म्हणतेस. कुणाला विचारलं होतंस?"

मी डबा रिकामा करून घासायला घेतला. माझ्या घरात मी न सांगता भांडं घासण्याची वेळ वर्षातून दोनदा येते.

बुधवारी मी त्या ओळींच्या मागच्या भेटी एकेक करून उघडल्या. आणि मला एक गोष्ट दिसली. मिस्त्री आला आणि गेला, दोन्ही वेळा मोबाइल आपोआप नोंदवतो. साधी तपासणी चाळीस मिनिटांची असते. या लिफ्टच्या भेटी चार मिनिटांच्या होत्या. काही तर तीन मिनिटांच्या. माझं डोकंच फिरलं. म्हणजे कामचुकारपणा! आले, सही ठोकल्यासारखं शून्य भरलं, निघाले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. चूक दुसऱ्या कोणाचीतरी निघत होती. मी जिना उतरून तळघरातल्या कार्यशाळेत गेले. जिनाच उतरावा लागला, कारण आमच्या इमारतीची स्वतःची लिफ्ट सोमवारपासून बंद होती.

सत्त्याण्णवपैकी अठरा लिफ्ट एकाच मिस्त्रीकडे होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, तेलानं काळी झालेली बोटं, कानावर पेन्सिल. तो मोटरचं एक चाक पुसत बसला होता.

"मिस्त्री, चार मिनिटांत लिफ्ट तपासून होते?" मी आल्या आल्या तोफ डागली.

"नाही होत."

"मग हे शून्य दोष कुठून आले?"

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, लांब धरून वाचला आणि हसला. "ताई, या लिफ्ट बंद होत्या."

"बंद होत्या म्हणजे?"

"म्हणजे मी गेलो तेव्हा खाली पाटी लावलेली. मोटर काढून नेलेली नाहीतर भाग यायचा राहिलेला. तीन-तीन महिने येत नाही भाग. पण महिन्याची भेट चुकवली तर गैरहजेरी लागते, म्हणून जायचं. आणि गेलं की मोबाइल विचारतो, दोष किती? आकडा टाकल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. बंद लिफ्टमध्ये काय मोजणार? मग शून्य. सगळेच टाकतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो."

मी तिथल्या स्टुलावर बसले. म्हणजे शहरातल्या सगळ्यात आजारी लिफ्ट माझ्या यादीत सगळ्यात निरोगी म्हणून बसल्या होत्या. महिनेन्‌महिने बंद असलेली लिफ्ट शून्य, शून्य, शून्य, हिरवी. मग भाग येतो, लिफ्ट सुरू होते आणि महिन्याभरात माणसासकट अडकते. ती नोंद खरी होती. ज्या ओळीला मी चूक म्हटलं तीच काय ती खरं बोलत होती.

"हे कोणी सांगितलं का नाही आजवर?"

"कुणाला सांगायचं? तो मोबाइलचा फॉर्म तुमच्याच खोलीतून आलाय ना?"

होता. आकडा सक्तीचा करा, रिकाम्या जागा नकोत, ही सूचनाही माझीच होती.

त्या अठरापैकी एक लिफ्ट जवळच होती. मिस्त्री निघालाच होता, मी त्याच्याबरोबर गेले. नऊ मजली इमारत. तळमजल्यावर पत्रपेट्या, एक सायकल, आणि लिफ्टच्या दारावर पाटी. आम्ही जिना धरला. पाचव्या मजल्यावर मिस्त्रीनं गुडघ्याला हात लावला आणि मी कठड्याला. आठव्या मजल्यावर राहणाऱ्या आजीनं दार उघडलं, कारण जिन्यात कोण धापा टाकतंय ते तिला बघायचं होतं.

"आला का भाग?" तिनं मिस्त्रीला विचारलं.

"नाही आजी."

"मग नुसते फेऱ्या मारायला येतोस." तिनं माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"ऑफिसातल्या ताई. नोंदी बघतात."

आजी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कोण कोणाशी किती मिनिटं बोललं हे लिहिण्यात तिची सगळी नोकरी गेली. तिनं आम्हाला दारातच सांगितलं की तीन वर्षांपूर्वी ती या लिफ्टमध्ये सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे दोन तास चाळीस मिनिटं अडकली होती. दिवा गेला होता. पिशवीतलं दूध सांडलं होतं. शेवटचा अर्धा तास तिनं काठीनं दार वाजवणं सोडून दिलं, कारण हात भरून आला. तेव्हापासून लिफ्ट चालू असली तरी ती जिन्यानंच जाते, आठवड्यातून एकदा, आणि दर मजल्यावर बसते.

"मी बाहेर आल्याबरोबर तुमच्या ऑफिसला फोन केला," ती म्हणाली. "नोंद केली म्हणाले. आहे ना नोंद?"

मला त्या ओळीचा नंबर पाठ झाला होता. यादीत सगळ्यात वरची.

"आहे," मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.

गुरुवारी सकाळी मी सरांसमोर सगळं मांडलं. सत्त्याण्णव ओळी, चार मिनिटांच्या भेटी, सक्तीचं शून्य. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. मग खुर्ची मागे सरकवली.

"तुमची ती साफ फाइल आहे ना अजून?"

"आहे."

"तिच्यावर चालवलं तर किती येतं?"

"३.१."

"दहा वेळा चालवलं तर?"

"दहा वेळा ३.१."

"झालं तर मग! फॉर्मवर काय लिहिलंय, पुन्हा करून पाहिलं का? पाहिलं. तेच आलं का? आलं. ती फाइल जोडा आणि सही करा. यात खोटं काय आहे?"

फारच गुळगुळीत होतं ते. सत्त्याण्णव माणसांना दाराबाहेर काढायचं, मग दार लावून आतल्यांची पुन्हा पुन्हा हजेरी घ्यायची आणि म्हणायचं, बघा, एकही कमी नाही.

"सर, पुन्हा म्हणजे कुठपासून पुन्हा?" मी म्हटलं. "मी खोडल्यानंतरपासून, की आधीपासून?"

"मॅडम, दोन वर्षांपूर्वी तुम्हीच खोडलंत."

"म्हणूनच मला माहीत आहे."

त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. "पुढच्या महिन्यात मी वर जातोय. ही खुर्ची रिकामी होतेय, आणि मी तुमचं नाव सांगितलंय. हिरवी यादी उभी राहिली तर तुमच्या नावाला कोणी नाही म्हणणार नाही. ती पडली तर कोणाच्या नावावर पडेल? तुमच्याच. विचार करा. तुम्ही सही नाही केली तर उपप्रमुख करतील, त्यांना दशांशाचा त्रास नाही."

"करू दे त्यांना. हिशेब त्यांनी केलेला नाही, मी केलाय. फॉर्मवर तसं छापलंय."

खुर्ची मला हवी होती. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. त्या खुर्चीत बसून खिडकीला नवी कडी लावायची, हे मी दोन वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं. बाहेर आले तेव्हा मला भीती वाटत होती की संताप आला होता ते मला कळेना. म्हणून मी कामाला लागले.

सत्त्याण्णव ओळी परत घातल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं: कधी खोडली, कोणी खोडली, काय समजून खोडली, काय निघालं. एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं. मग हा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा करायचा ते एका कागदावर लिहिलं, दहा पायऱ्या. आणि तो कागद घेऊन खाली स्वागतकक्षातल्या बाईंकडे गेले. त्यांना संख्याशास्त्राशी काही घेणंदेणं नाही, त्यांना कुरियरशी आहे.

"हे वाचून करून बघाल? मी बोलणार नाही."

"तुम्ही बोलणार नाही? मग बघतेच," त्या म्हणाल्या.

चौथ्या पायरीला त्या अडल्या. एक फाइल कुठे ठेवायची तेच मी लिहिलं नव्हतं, कारण मला ठाऊक होतं ना! पुन्हा तेच. मी ओठ घट्ट मिटून वर गेले, कागद सुधारला, परत आणला. दुसऱ्या खेपेला त्यांच्या कॉम्प्युटरवर ७.८ आलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

शुक्रवारी सुरक्षा कार्यालयाच्या बाई अकराला आल्या. जिना चढून आल्या, म्हणून आधीच वैतागलेल्या. लांब टेबलाच्या एका बाजूला सर, उपप्रमुख आणि वरच्या मजल्यावरचे दोघे, दुसऱ्या बाजूला त्या आणि मी. सरांनी सुरुवात केली, "साधारण तीन टक्के..."

"फॉर्म?" बाईंनी मला विचारलं.

"कोरा आहे. तुमच्यासमोर भरू. तुमचा लॅपटॉप आहे?"

त्यांनी भुवया उंचावल्या, पण लॅपटॉप काढला. मी मूळ नोंदी दिल्या, प्रोग्रॅम दिला आणि कागद पुढे सरकवला. त्या एकेक पायरी वाचून करत गेल्या. शेवटची पायरी चालायला चार मिनिटं लागतात. उपप्रमुख तेवढ्यात दोनदा पाणी प्यायले.

"सात पूर्णांक आठ," बाई म्हणाल्या. "तुमच्या प्रस्तावात तीन पूर्णांक एक आहे."

"यात साफ केलेली फाइल वापरायची असते," सर घाईनं म्हणाले. "सगळीकडे वापरतात. मूळ नोंदींत कचरा असतो."

"साफ केलेली म्हणजे काय केलेली?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या दोघांनीही पाहिलं. त्या वेळी मी म्हणू शकले असते की फाइल आमच्या विभागानं साफ केली. मराठीत ही एक फार छान सोय आहे, विभागानं केलं म्हटलं की कोणीच केलेलं नसतं.

"साफ म्हणजे मी माझ्या हातानं सत्त्याण्णव लिफ्ट काढून टाकल्या," मी म्हटलं.

"का?"

"कारण त्या माझं ऐकत नव्हत्या. यादीत गुणी म्हणून बसल्या होत्या आणि माणसांना घेऊन अडकत होत्या. मला वाटलं, नोंद चुकली. नोंद बरोबर होती, मी चुकले होते. काढल्याचं कुठे लिहिलं नाही. आता लिहिलंय, हे घ्या." मी सत्त्याण्णव ओळींचा कागद टेबलावर ठेवला. "या लिफ्ट मिस्त्रींनी तपासलेल्याच नाहीत, कारण त्या बंद होत्या. आमचा मोबाइल त्यांना खरं लिहू देत नाही. तो फॉर्मही माझ्याच सांगण्यावरून झाला. हिरवी यादी अशीच्या अशी लागू केलीत तर ज्या लिफ्टकडे रोज जायला हवं, त्यांच्याकडे सहा महिन्यांनी जाल."

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "हे आधी आपण आपसात..."

"काल आपसातच होतं, सर."

मी फॉर्म ओढला. आलेला निकाल: ७.८. दशांशासकट. खाली सही केली. सही मागितली होती, दिली.

हिरवी यादी तिथेच थांबली. मोबाइलमध्ये दोन आठवड्यांनी तिसरा पर्याय आला, 'तपासता आली नाही'. मिस्त्री म्हणाला, "उशिरा का होईना, सुचलं." खुर्ची उपप्रमुखांना मिळाली. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, आणि खिडकी अजून आपटते. काचेचा ठोकळा मी परत करणार होते, पण सासूबाईंनी हलवू दिला नाही. "आता कुठे त्याला योग्य काम मिळालंय," त्या म्हणाल्या.

पण शनिवारचं राहिलंच. शुक्रवारी खोलीभर माणसांसमोर मी ताठ बोलले होते, तरी बुधवारी एका दारात उभं राहून मी 'आहे' म्हटलं होतं, ते राहून राहून टोचत होतं. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि त्या इमारतीत गेले. भाग अजून आला नव्हता. आठ मजले पुन्हा.

"आज एकटीच?" आजीनं दार उघडलं.

"आजी, तुमची नोंद मी खोडली होती. दोन वर्षं ती नव्हती."

माझी सगळी तयार केलेली वाक्यं जिन्यातच सांडली होती.

"कशासाठी?"

"मला वाटलं, चुकून पडली."

"मला फोन करायचास. नंबर दिला होता मी."

"हो."

"आता आहे?"

"आहे."

"बुधवारी पण आहे म्हणालीस. दाखव."

आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मी तिची ओळ उघडली. आजीनं चष्मा लावला आणि बोट ठेवून रकाने वाचत गेली. लिफ्टचा नंबर. तीन भेटी, शून्य; शेजारी मी हातानं लिहिलेलं, तपासता आली नाही. माणूस आत असताना अडकली: १. पुढे माझी कबुली.

"हा एक म्हणजे मी?"

"हो."

"आणि दोन तास चाळीस मिनिटं?"

"तो रकाना नाही, आजी."

"मग कर," ती म्हणाली. "आम्ही अर्ध्या मिनिटाचा कॉलसुद्धा लिहायचो."

मी रकाना केला. दोन तास चाळीस मिनिटं. कोणी सांगितलं, कोणी लिहिलं, आजची तारीख. तिनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि मान हलवली. मग स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि तिथूनच विचारलं, "बाकीच्या शहाण्णव जणांना विचारलंस?"

"नाही."

"मग चहा घे आणि उठ."